बार्बरा वॉल्टर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रकारिता शिकणारी मुलं, टीव्हीच्या बातम्यांचा नाद असलेली मंडळी आणि "ही बाई नेमकी कोण होती?" असं अधूनमधून विचारणारे वाचक, या सगळ्यांसाठी हे पान. छोट्या प्रश्नाला छोटं उत्तर आहे. काही ठिकाणी मात्र हात आवरलेला नाही.

बार्बरा वॉल्टर्स कोण, थोडक्यात सांगाल?

अमेरिकन टीव्ही पत्रकार. जन्म २५ सप्टेंबर १९२९, बॉस्टन. निधन ३० डिसेंबर २०२२, न्यू यॉर्क. १९७४ मध्ये त्या एनबीसी या टीव्ही कंपनीच्या 'टुडे' या सकाळच्या कार्यक्रमाच्या पहिल्या महिला सहसूत्रसंचालक झाल्या आणि १९७६ मध्ये एबीसी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या संध्याकाळच्या राष्ट्रीय बातमीपत्राच्या सहअँकर. ओळख करून देताना सगळे हेच सांगतात. आमच्या मते ही दोन्ही पदं त्यांच्या कारकिर्दीत दुय्यम. अँकर म्हणून तर त्या जवळजवळ आपटल्याच. त्यांची खरी कमाई म्हणजे मुलाखत: समोरच्याला कुठला प्रश्न, कधी आणि कोणत्या शब्दांत विचारायचा याची समज. आणि ती पक्की झाली ती त्यांना प्रश्न विचारायला मज्जाव झाला तेव्हा. ते पुढे येईलच.

"पहिली महिला" म्हणजे नेमकं कशात पहिली?

हे जरा जपून सांगावं लागतं. मार्लीन सँडर्स यांनी १९६४ मध्येच एबीसीचं संध्याकाळचं बातमीपत्र सादर केलं होतं, पण नेहमीच्या अँकरची बदली म्हणून. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादविवादाचं सूत्रसंचालन करणाऱ्या पहिल्या महिला पॉलिन फ्रेडरिक. १९७६ च्या फोर्ड-कार्टर लढतीतला दुसरा वादविवाद त्यांनी सांभाळला, तिसरा वॉल्टर्सनी. वॉल्टर्स पहिल्या ठरतात त्या संध्याकाळच्या बातमीपत्राच्या कायमस्वरूपी सहअँकर म्हणून. एकटीने ते बातमीपत्र सांभाळणारी बाई यायला त्यानंतर तीस वर्षं गेली: केटी कूरिक, सीबीएस, सप्टेंबर २००६.

घरची पार्श्वभूमी पत्रकारितेची होती का?

अजिबात नाही. वडील लू वॉल्टर्स नाइटक्लब चालवायचे. 'लॅटिन क्वार्टर' हा त्यांचा क्लब आधी बॉस्टनला आणि मग न्यू यॉर्कला गाजला. नावाजलेले नट, गायक, विनोदवीर लहानग्या बार्बराला रंगमंचामागे, मेकअप पुसताना दिसायचे. मोठ्या माणसांचं दडपण त्यांना पुढे कधी आलं नाही, त्याचं मूळ इथे असावं.

लू वॉल्टर्स यांचा हात मात्र सढळ होता. जुगाराचा नाद, नवनव्या धंद्यांत उडी घ्यायची हौस. आज पेंटहाऊस, तर उद्या देणेकरी दारात. मोठी बहीण जॅकलिन जन्मतः बौद्धिकदृष्ट्या अपंग होती. आईवडील आणि बहीण आपल्यालाच पोसायचे आहेत हे बार्बरा यांना विशीतच कळून चुकलं होतं. नोकरी हातची जाईल ही धास्ती त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. २००८ साली आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी 'ऑडिशन' हे नाव दिलं, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही आपली चाचणी चालूच आहे असं बाईंना वाटत होतं.

टीव्हीवर आल्या कशा?

मागच्या दाराने. सारा लॉरेन्स कॉलेजातून १९५१ मध्ये पदवी घेतल्यावर जाहिरात कंपनीत सेक्रेटरीचं काम, मग एनबीसीच्या न्यू यॉर्क केंद्राच्या प्रसिद्धी खात्यात, मग सीबीएसच्या सकाळच्या कार्यक्रमासाठी लेखन, मध्येच एका जनसंपर्क कंपनीत नोकरी. १९६१ मध्ये 'टुडे'ने त्यांना लेखक आणि संशोधक म्हणून घेतलं. लिहायचं बायकांच्या विषयांवर. बाकीचे विषय पुरुष लेखकांचे.

त्या काळी 'टुडे'वर 'टुडे गर्ल' नावाचं एक पद असायचं. एखादी नटी किंवा सौंदर्यस्पर्धेतली विजेती, हवामान सांगणार, हसणार, सूत्रसंचालकाशी गोड गप्पा मारणार. १९६४ मध्ये मॉरीन ओ'सुलिव्हन ही जुनी चित्रपट अभिनेत्री त्या जागेवर रुळेना, म्हणून ऐनवेळी घरच्याच लेखिकेला कॅमेऱ्यासमोर बसवलं. काही आठवडे बघू, या बोलीवर. सूत्रसंचालक ह्यू डाऊन्स यांनी पाठिंबा दिला, आणि त्या पुढची बारा वर्षं तिथेच राहिल्या. 'टुडे गर्ल' हा शब्दही त्यांच्याच काळात मागे पडला.

भारताशी काही संबंध?

आहे, आणि तो कारकिर्दीच्या अगदी सुरुवातीचा. मार्च १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन केनेडी भारत आणि पाकिस्तानच्या दौऱ्यावर आल्या. दिल्लीत नेहरूंचा पाहुणचार, मग आग्रा, वाराणसी, उदयपूरला पिछोला तलावात नौकाविहार, जयपूरला बहिणीसोबत हत्तीची सवारी. सोबत पत्रकारांचा तांडा, त्यात मूठभर महिला, आणि त्या मूठभरांत 'टुडे'ची बत्तीस वर्षांची लेखिका बार्बरा वॉल्टर्स. अमेरिकेच्या 'फर्स्ट लेडी'चे कपडे आणि साड्यांची खरेदी हा बायकांचा विषय ठरला, म्हणूनच तर हा दौरा त्यांच्या वाट्याला आला! पण एवढी मोठी कामगिरी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. पुढे इंदिरा गांधींचीही मुलाखत त्यांनी घेतली.

"तीन प्रश्नांचा नियम" काय भानगड आहे?

ही भानगड नीट समजून घेतली तर बाकीची कारकीर्द आपोआप समजते.

१९७१ मध्ये ह्यू डाऊन्स गेले आणि फ्रँक मॅगी 'टुडे'चे सूत्रसंचालक झाले. मॅगी म्हणजे कडक, भारदस्त, जुन्या वळणाचे बातमीदार. राजकारणी पाहुण्यांना वॉल्टर्सनी प्रश्न विचारावेत हे त्यांना पटेना. बाई मध्ये बोलली की मुलाखतीचं वजन कमी होतं, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण एनबीसीच्या अध्यक्षांपर्यंत गेलं आणि तिथून निवाडा आला: स्टुडिओत महत्त्वाचा पाहुणा असेल तर पहिले तीन प्रश्न मॅगी विचारणार, वॉल्टर्सची पाळी चौथ्या प्रश्नापासून.

सकाळच्या कार्यक्रमातली मुलाखत असते काही मिनिटांची. पहिल्या तीन प्रश्नांत राजकारणी आपली ठरलेली वाक्यं म्हणून टाकतो, आणि चौथ्याच्या सुमारास जाहिराती लागायची वेळ होते. म्हणजे कागदावर सहभाग, प्रत्यक्षात हात चोळत बसणं.

पण निवाड्यात एक फट राहिली होती. नियम होता स्टुडिओपुरता. स्टुडिओबाहेर, स्वतः मिळवलेल्या मुलाखतीत पहिला प्रश्न कोणाचा याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. वॉल्टर्सनी फोन उचलला, हाताने पत्रं लिहिली, लोकांच्या कचेऱ्यांत आणि घरी जाऊन मुलाखती घ्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन यांचे खास माणूस एच. आर. हाल्डमन त्यांच्याशी बोलले. कॅमेऱ्यापासून लांब राहणारा हा माणूस बोलताबोलता म्हणून बसला की, राष्ट्राध्यक्षांच्या व्हिएतनाम युद्धाबाबतच्या शांतता प्रस्तावावर टीका करणारे जाणूनबुजून शत्रूला मदत करताहेत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मोठी बातमी. त्याच महिन्यात निक्सन चीनला गेले, तेव्हा सोबतच्या पत्रकारांतही त्या होत्या. मोठ्या माणसाला बोलतं करायचं तर त्याच्या मागे कसं लागायचं हे या दोन-तीन वर्षांत त्यांच्या अंगवळणी पडलं. मॅगींनी शेजारी नीट बसू दिलं असतं, तर ही धावपळ त्यांनी इतक्या ईर्ष्येने केली असती असं आम्हाला वाटत नाही.

पुढची गोष्ट करारातल्या एका ओळीची. मॅगी कार्यक्रम सोडून गेले तर वॉल्टर्सना 'सहसूत्रसंचालक' हे पद मिळेल, असं कलम त्यांच्या करारात होतं. मॅगी इतक्यात कुठे जातायत, या हिशोबाने कंपनीने ते मान्य केलं असणार. मॅगींना हाडांचा कर्करोग होता, ही गोष्ट त्यांनी लपवली होती. एप्रिल १९७४ मध्ये ते गेले, आणि कलम लागू झालं.

दहा लाख डॉलरचा एवढा गाजावाजा का झाला?

कारण १९७६ मध्ये बातम्या देणाऱ्या कोणालाच, पुरुषालासुद्धा, वर्षाला दहा लाख डॉलर मिळत नव्हते. एबीसीने पाच वर्षांचा करार देऊन त्यांना एनबीसीकडून पळवलं. त्यातला निम्मा पगार बातम्यांच्या खात्यातून आणि निम्मा मनोरंजन खात्यातून, वर्षाला चार विशेष कार्यक्रम करण्यासाठी. हा तपशील गाळून फक्त आकडा छापला गेला, आणि एकच ओरड झाली. सीबीएसच्या बातमी विभागाचे प्रमुख रिचर्ड सॅलंट यांनी विचारलं, ही पत्रकार आहे की शेर? शेर म्हणजे ती गायिका. सीबीएसचे नावाजलेले अँकर वॉल्टर क्रॉन्काइट यांना तर मळमळून आलं, बातम्यांचा तमाशा होणार असं वाटून. तसं ते जाहीरपणे बोललेही.

४ ऑक्टोबर १९७६ ला पहिलं बातमीपत्र झालं. शेजारी एबीसीचे आधीपासूनचे अँकर हॅरी रीझनर. त्यांना सहअँकर नकोच होता, बाई तर त्याहून नको. नाराजी ते लपवायचेही नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरची आठी घराघरांत दिसायला लागली, तेव्हा दोघांना एका चौकटीत दाखवणं टाळायची वेळ आली. प्रेक्षकसंख्या काही वाढेना. वॉल्टर्सनी नंतर सांगितलंय की, आपली कारकीर्द संपली असं त्यांना त्या काळात वाटलं होतं. त्याच दिवसांत कधीही न भेटलेल्या जॉन वेन या नटाची तार आली: त्या हरामखोरांपुढे नमू नका, अशा अर्थाची. १९७८ मध्ये ही जोडी मोडली आणि रीझनर सीबीएसला परतले.

आपल्याकडे तर बायका आधीपासून बातम्या देत होत्या. मग यात विशेष ते काय?

प्रश्न रास्त आहे. दिल्लीत १९६५ मध्ये दूरदर्शनचं रोजचं बातमीपत्र सुरू झालं तेव्हा प्रतिमा पुरी बातम्या वाचत होत्या. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि मराठी बातम्यांना स्मिता पाटील दिसायला लागल्या. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसायच्या, हा किस्सा आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतो. म्हणजे अमेरिकेच्या आधी आपण पुढे? दिसायला हो. पण दूरदर्शनची वृत्तनिवेदिका दुसऱ्याने लिहिलेला मजकूर वाचायची. मंत्र्याला उलट प्रश्न विचारणं तिच्या कामात बसत नव्हतं, आणि तसं ते पुरुष निवेदकाच्याही कामात नव्हतं. अमेरिकेत अँकर म्हणजे बातमीपत्राचा चेहरा, बऱ्याचदा संपादकही, आणि निवडणुकीच्या रात्री देशाला निकाल सांगणारा माणूस. भांडण त्या खुर्चीसाठी होतं. बाईने बातमी वाचणं आणि बाईने प्रश्न विचारणं यात केवढं अंतर आहे, हे वॉल्टर्सच्या उदाहरणावरून लक्षात येतं.

'बाबा वावा' म्हणजे काय?

वॉल्टर्सना र आणि ल नीट उच्चारता येत नसे. १९७६ मध्ये 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमात गिल्डा रॅडनर या अभिनेत्रीने त्यांची नक्कल केली, 'बाबा वावा' नावाने. बाईंना ते लागलं होतं. मुलगी मात्र बघून हसत सुटली. १९८९ मध्ये रॅडनर गेल्या तेव्हा वॉल्टर्सनी सांत्वनाच्या पत्राखाली सही केली: बाबा वावा.

अँकर म्हणून आपटल्यावर त्या सावरल्या कशा?

१९७७ हे वर्ष त्यांनी मुलाखतींवर काढलं. एबीसी न्यूजचे नवे प्रमुख रून आर्लेज यांनीही ओळखलं की बाईंना टेबलामागून बाहेर काढायला हवं. त्या क्युबात गेल्या. फिडेल कॅस्ट्रो यांनी स्वतः जीप चालवत त्यांना सिएरा मायेस्त्राच्या डोंगरांत फिरवलं, नंतर पाचेक तास मुलाखत दिली आणि मध्यरात्रीनंतर चीज सँडविच करून खायला घातली. पाहुणचार झाला तरी प्रश्न बोथट झाले नाहीत. तुमच्याकडे विरोधी सूर लावायला परवानगी नाही, हे त्यांनी तोंडावर म्हटलं, आणि वृत्तपत्रस्वातंत्र्याची आमची कल्पना तुमच्यासारखी नाही, हे कॅस्ट्रोंनी कबूल केलं.

मग आला नोव्हेंबर. इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात इस्रायलला निघाले. सादात यांच्या विमानात तीन अमेरिकन अँकर होते: सीबीएसचे क्रॉन्काइट, एनबीसीचे जॉन चॅन्सलर आणि वॉल्टर्स. जेरुसलेममध्ये इस्रायलचे पंतप्रधान मेनाकेम बेगिन यांच्यामागे त्या लागल्या, बेगिन यांनी सादातना गळ घातली, आणि २० नोव्हेंबरला इस्रायली संसदेच्या इमारतीत दोघंही शेजारीशेजारी त्यांच्यासमोर बसले. अशी पहिली संयुक्त मुलाखत. मागोमाग क्रॉन्काइट यांनीही दोघांना गाठलं. त्यांच्या टेपच्या शेवटी त्यांचा आवाज ऐकू येतो: मला मिळालं नाही असं बार्बराला काही मिळालं का? वर्षभरापूर्वी ज्यांना मळमळलं होतं, तेच हे.

मुलाखतीची तयारी कशी करायच्या?

छोट्या कार्डांवर. आधी सुचतील ते सगळे प्रश्न लिहायचे. सहकाऱ्यांना, मैत्रिणींना, समोर येईल त्याला विचारायचं: तुम्ही असता तर काय विचारलं असतं? मग छाटणी, क्रम लावणं, पुन्हा छाटणी. कार्डं पिसायची, परत लावायची, अगदी कॅमेरा सुरू होईपर्यंत. आणि एवढं करून मुलाखतीत समोरचा वेगळं काही बोलला तर कार्डं बाजूला ठेवायची.

क्रमाला त्यांच्या लेखी फार महत्त्व. इराणच्या शहांच्या मुलाखतीत बायकांबद्दलच्या त्यांच्या मतांवर बोलणं चाललं होतं. शेजारी राणी फराह बसलेल्या, ज्यांना शहांनीच आपल्यामागे राज्यकारभार सांभाळण्यासाठी नेमलं होतं. वॉल्टर्सनी विचारलं, राणी पुरुषाइतकाच चांगला कारभार करू शकतील का? उत्तर द्यायचं नाही, असं शहा म्हणाले. राणीचा चेहरा कॅमेऱ्यात होता.

अवघड प्रश्न दुसऱ्याच्या तोंडी घालणं ही आणखी एक खुबी. "लोक म्हणतात की तुम्ही..." अशी सुरुवात केली की पाहुणा लोकांवर चिडतो, तुमच्यावर नाही. आपल्याकडच्या वाहिन्यांवरही हे रोज दिसतं, फक्त तिथे 'लोक' कोण हे कधीच कळत नाही.

"तुम्ही झाड असता तर कुठलं?" असं खरंच विचारलं होतं का?

नाही. १९८१ मध्ये अभिनेत्री कॅथरीन हेपबर्न स्वतःच म्हणाल्या की, आता म्हातारपणी मी एखाद्या भक्कम झाडासारखी झालेय. त्यावर वॉल्टर्सनी विचारलं, कुठलं झाड? हेपबर्न म्हणाल्या, ओक. एल्म नको, त्याला कीड लागते. पाहुणी जे बोलली त्यावरच पुढचा प्रश्न, यात चूक कसली? पण चेष्टा आयुष्यभर चिकटली ती चिकटलीच.

मोनिका लेविन्स्कीच्या मुलाखतीबद्दल सांगा.

लेविन्स्की म्हणजे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्याशी असलेल्या संबंधांवरून गाजलेली व्हाइट हाऊसमधली तरुण कर्मचारी. ३ मार्च १९९९, दोन तासांचा विशेष कार्यक्रम. सुमारे ७ कोटी अमेरिकनांनी बघितला. यामागे वर्षभराचा पाठपुरावा होता: वकिलाशी बोलणी, विश्वास कमावणं. मुलाखतीचे पैसे एबीसीने दिले नाहीत. शेवटचा प्रश्न होता, पुढे तुला मुलं झाली तर त्यांना काय सांगशील? लेविन्स्की म्हणाली, आईच्या हातून मोठी चूक झाली. वॉल्टर्स कॅमेऱ्याकडे वळून म्हणाल्या की, वर्षभरात याहून सौम्य विधान कोणी केलं नसेल. मुलाखत उत्तम, पण हा शेवटचा टोमणा आज ऐकताना खटकतो. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी आपलं सगळं समोर मांडते आणि मुलाखतकार प्रेक्षकांकडे बघून चिमटा काढते.

त्यांच्यावर टीका काय होते?

बरीच, आणि सगळीच मत्सरापोटी नाही. बातमी आणि करमणूक यांची सरमिसळ त्यांनी रूढ केली. पहिल्याच विशेष कार्यक्रमात, डिसेंबर १९७६ मध्ये, एकीकडे नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष कार्टर आणि दुसरीकडे गायिका बार्बरा स्ट्रायसँड. निरोप घेताना त्यांनी कार्टरना "आमच्याशी शहाणपणाने वागा, चांगले वागा" अशी विनवणी केली, तेव्हाही पत्रकारांनी कपाळावर हात मारला होता.

सत्तेशी सलगी हा जास्त गंभीर आरोप. इराण-काँट्रा, म्हणजे अमेरिकेने इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणातल्या एका शस्त्रदलालाचा निरोप त्यांनी व्हाइट हाऊसला पोचवला, हे १९८७ मध्ये बाहेर आलं. पत्रकाराचं हे काम नव्हे. डिसेंबर २०११ मध्ये सीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष बशर अल-असद यांची त्यांची मुलाखत कठोर होती, पण नंतर ती जमवून देणाऱ्या असद यांच्या तरुण सहायिकेला अमेरिकेत नोकरी आणि प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी शब्द टाकल्याचं उघड झालं, आणि त्यांना खेद व्यक्त करावा लागला. गायक रिकी मार्टिनला २००० मध्ये त्याच्या लैंगिकतेवरून टोकल्याबद्दलही त्यांनी दहा वर्षांनी पश्चात्ताप बोलून दाखवला. ज्या चिकाटीने मुलाखती मिळाल्या तिनेच हे प्रश्नही उभे केले.

'द व्ह्यू' हा कार्यक्रम त्यांचाच ना?

हो. ऑगस्ट १९९७ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, बिल गेडी यांच्यासोबत सुरू केला. वेगवेगळ्या वयाच्या, मतांच्या बायका एका टेबलाभोवती बसून दिवसाच्या बातम्यांवर भांडतात. अजून चालू आहे.

निवृत्त कधी झाल्या?

मे २०१४ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. '२०/२०' हे मासिकवजा वृत्तसदर त्यांनी २००४ मध्येच सोडलं होतं. 'द व्ह्यू'वरच्या त्यांच्या शेवटच्या भागांपैकी एकात पंचवीसेक महिला पत्रकार एकेक करत मंचावर आल्या, त्यात ओप्रा विन्फ्री, डायन सॉयर, कॉनी चुंग, केटी कूरिक. यातल्या सॉयर म्हणजे एबीसीतल्याच त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी. एकाच कंपनीत राहून मोठ्या मुलाखतींसाठी दोघी एकमेकींवर कुरघोडी करायच्या, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

त्यांच्या मुलाखती बघायच्या तर सुरुवात कुठून करावी?

आधी कॅस्ट्रो, १९७७. मग हेपबर्न, कारण झाडाची गोष्ट मूळ संदर्भात ऐकलेली बरी. २००१ मधली पुतिन यांची मुलाखतही बघा: तुम्ही कधी कोणाला मारायचा हुकूम दिलाय का, असं त्यांनी सरळ विचारलं, आणि पुतिन नाही म्हणाले. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी आवाज बंद करून एकदा फक्त त्यांचे हात आणि ती कार्डं बघावीत, कधी खाली जातात आणि कधी नाही. लेविन्स्की शेवटी ठेवा, ती दोन तासांची आहे.